पाव्हण्या पलटणींचे सुभेदार

सुभेदार मांडवाच्या कामाला लागले की आमच्या गावाला कळायचं, नवी पलटण येणार. मांडव म्हणजे लग्नाचा नव्हे हो. पण त्यांची बोलीच तशी. छावणीला ते मांडव म्हणायचे, येणाऱ्या पलटणीला वऱ्हाड म्हणायचे, आणि स्वतःला मुलीचा बाप. "मुलीकडच्याला बसायला सवड कुटली?" असं म्हणत माळावरनं अशा लगबगीनं फिरायचे, की बघणाऱ्याला वाटावं आता कुठंतरी सनई वाजणार. वाजायचा तो बिगूल.

आमचं गाव कोरेगावच्या अलीकडं, आणि गावाच्या अंगाला मोठा माळ. कुसळं आणि दगड, दुसरं काही पिकायचं नाही तिथं. मेंढरं चरायची. दुसरी मोठी लढाई पेटली तसा सरकारनं तो माळ घेतला आणि तिथं शिकवणीची छावणी घातली. छावणीची अशी स्वतःची पलटण नव्हतीच. बाहेरच्या पलटणी यायच्या, काही आठवडे राहायच्या, चांदमारीवर बंदुका चालवायच्या, ओढ्यातनं रांगायच्या, डोंगर चढायच्या, आणि कोरेगावला रेल्वेत बसून लढाईवर जायच्या. कुठल्या मुलखात, ते कुणी बोलायचं नाही. एक गेली की दुसरी. सगळ्या पाव्हण्या. घरचे म्हणावेत असे छावणीत थोडेच लोक. एक गोरा साहेब, लंगरातले आचारी, पखालींचे रेडे हाकणारे भिस्ती, चांदमारीचे गोणपाटाचे पुतळे शिवणारे म्हातारे. आणि ह्या सगळ्यांच्या वर, साहेबाच्याही बोटभर वरच म्हणा, आमचे सुभेदार.

माणसं त्यांना नुसतं सुभेदारच म्हणायची. पहिल्या लढाईतले, पेन्शनीत गेलेले, माणदेशाकडचे. ह्या लढाईला सरकारनं परत बोलावून घेतलं. अंगानं एवढेसे, पण मिशा मात्र दोन माणसांच्या. आणि आवाज? माळावर त्यांनी पखालवाल्याला हाक मारली की आमच्या परड्यातली म्हैस खाणं थांबवून मान वर करायची. खोटं नाही सांगत.

मी तेव्हा नुकती नांदायला आलेली. घरात मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं घर माळाच्या सगळ्यात जवळ, म्हणून छावणीचं दळण आणि सारवण पहिलं आमच्याकडं यायचं. त्यामुळं सुभेदार मी फार जवळनं बघितले. जवळनं बघून माणूस लहान होतो म्हणतात, ह्यांचं उलटं झालं.

पलटण यायच्या आधी ते प्रत्येक तंबूत शिरायचे. शिरून काय करायचे, तर खाली अंथरलेल्या गवतावर सरळ आडवे व्हायचे. डोळे मिटायचे. ह्या कुशीवर वळायचे, त्या कुशीवर वळायचे. आणि मिशीत गवताच्या काड्या घेऊन बाहेर यायचे. "पाठीला खडा लागला. उचला." मग गडी गवत उलथायचे, खडा शोधायचे, परत अंथरायचे, सुभेदार परत आडवे. मी एकदा सारवता सारवता पदराआडनं विचारलंच, "आवं सुभेदार, शिपाई गडी, त्येला खड्याचं काय एवडं?"

"पुढं समदं खडंच हायती गं त्येला," म्हणाले. "हितं तरी नको."

काम करताना मी पुष्कळ माणसं बघितली, पण एवढं बोलून लगेच पुढच्या तंबूत जाऊन परत आडवं होणारा माणूस दुसरा बघितला नाही.

पाण्याचंही तसंच. विहिरीचं पाणी पखालींतनं पिंपांत जायचं, त्यात दवाखान्याची पांढरी भुकटी पडायची, आणि सुभेदार प्रत्येक पिंपाचं पाणी वाटीनं घेऊन चूळ भरायचे. भुकटी जास्त झालेली असली तर पिंप ओतून द्यायला लावायचे. ओतलेलं पाणी मेंढरांना. त्यामुळं पलटण यायच्या दिवशी धनगरांची मेंढरं न बोलावता पिंपांपाशी येऊन उभी राहायची. 

त्यांची मोठी खटपट म्हणजे पहिलं जेवण. येणारी पलटण कुठली आहे ते त्यांना आधी कळायचं, आणि पहिलं जेवण त्या मुलखाचं व्हायलाच पाहिजे असा त्यांचा हट्ट. एकदा मद्रासकडची पलटण आली. आचारी आमचा उंब्रजचा, त्याला आमटी ठाऊक. सुभेदारांनी कुठनं तरी शिकून येऊन चिंचेचं, मिऱ्याचं पाणी करायला लावलं. पहिल्यांदा स्वतः प्यायले. डोळ्यांतनं धारा लागल्या. आचारी म्हणाला, "सुभेदार, बिघडलं वाटतं." तर हे ठसकत म्हणतात, "आपल्याला बिघडलं वाटलं म्हंजे जमलं!" रेल्वेनं आलेली, उन्हानं करपलेली ती माणसं पानावर बसली. त्यातल्या एका दांडग्या हवालदारानं भाताचा पहिला घास घेतला आणि घास तोंडात तसाच ठेवून सुभेदारांकडं बघत राहिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. सुभेदारांनी नुसता पळीनं ताटाकडं हात केला, जेव म्हणून.

गुरख्यांची पलटण आली, पंजाब्यांची आली, खेचरांवरच्या तोफखान्याची आली. खेचरांनासुद्धा ते पाव्हणी म्हणायचे.

आणि पहिल्या वर्षाची ती निशाणाची गंमत सांगायची राहिलीच. चांदमारी सुरू असली की माळावर उंच काठीला लाल निशाण चढायचं, म्हणजे इकडं फिरकू नका. पण आमच्याकडं देवाच्या काठीला निशाण चढलं की जत्रा! पहिल्यांदा ते चढलं, आणि पंचक्रोशीतली माणसं नारळ घेऊन, पोरं खांद्यावर घेऊन माळाकडं निघाली. धनगर ढोल घेऊन आले. सुभेदार गोळीबार थांबवायला हात वर करून पळत सुटले. सगळ्यांना वाटलं, आता ह्या माणसाच्या तोंडाचा पट्टा सुटणार. तो सुटला नाही. धापा टाकत म्हणाले, "बसा. मांडवात आलाय तर गूळ-पानी घेऊन जावा." खरंच सगळ्यांना गूळ-पाणी दिलं, आणि मग एकेका गावाला समजावून सांगितलं, की हा देव वेगळा आहे, ह्याचं दर्शन लांबनं घ्यायचं.

रागवायचे फक्त एका गोष्टीवर. वाढण्यात दुजाभाव झाला की. "एका पंगतीत दोन वाढणं न्हाईत," हे त्यांचं रोजचं. नेमबाजीत पहिला आलेल्या शिपायाला साहेबानं लंगरातनं जादा शिरा द्यायला सांगितला, तर सुभेदारांनी सलाम ठोकून साहेबालाच सांगितलं, "सायेब, बिल्ला द्या, शाबासकी द्या, पायजे तर घोड्यावर बसवून मिरवा. ताटात न्हाई." आचारी सांगायचे, साहेब हसला आणि बिल्ला दिला.

आता माझं सांगते, कारण सुभेदार मला खरे कळले ते त्यात.

माझं लग्न झालं तेव्हा मी लहान होते. आमच्या मालकांना मी बघितलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. त्यांच्या तोंडावर बाशिंग, माझ्या तोंडावर बाशिंग, मधे अंतरपाट, आणि अंतरपाट निघाला तेव्हा माझी मान खाली. पाय तेवढे बघितले. लग्न झालं आणि मी माहेरी परत गेले, हे पलटणीत भरती झाले. मी नांदायला आले तेव्हा हे कुठल्या कुठं. घरात फोटो नाही. आत्याबाई सांगायच्या, "नाक माज्यावानी हाय," पण त्या सांगायच्या त्यांच्या लहानपणचं. आणि आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. उजेड आणि सावली एवढंच त्यांना कळायचं.

एका उन्हाळ्यात मराठ्यांच्या पलटणीतली एक तुकडी छावणीत आली. छावणीला गवत घालणारा आमच्या गावचा गाडीवान संध्याकाळी दारात येऊन म्हणाला, "काकी, तुजा ल्योक आलाय! म्या सोता बगितला रांगेत. लय उच झालाय. मिशा फुटल्यात."

आत्याबाई उंबऱ्यावरच बसल्या. ज्या लेकाची वाट बघून डोळे गेले, तो घरापासून हाकेवर, आणि भेट नाही. कारण त्या तुकडीला रजा बंद होती. बाहेरच्यानं आत जायचं नाही, आतल्यानं बाहेर यायचं नाही. तुकडी पुढं कुठं जाणार ते फुटू नये म्हणून वरनंच कडक हुकूम होता. 

रोज सकाळी तुकडी चांदमारीकडं जायची ती आमच्या वाटेवरनं. आम्ही दोघी कडेला उभ्या. मान वळवायची त्यांना बंदी. धुरळा एवढा, टोप्या सारख्या, कपडे सारखे. आत्याबाई माझा दंड धरून विचारायच्या, "दिसला का गं? कसा हाय?" आणि मी काय सांगणार? ज्यांना तोंड ठाऊक त्यांना दिसत नाही, जिला दिसतं तिला तोंड ठाऊक नाही. पायावरनं ओळखीन म्हणावं, तर पाय बुटात.

तुकडी जायची वेळ जवळ आली तसं आत्याबाईंनी मला घेतलं आणि छावणीच्या फाटकावर जाऊन सुभेदारांना बोलावून घेतलं.

"सुभेदार, एकडाव हात लावू द्या लेकाला. म्हातारी हाय, परत येस्तवर मी ऱ्हाती न ऱ्हाती."

सुभेदार उभेच. म्हणाले, "म्हातारे, ह्या तुकडीत जेवडी पोरं हायती तेवड्या आया हायती. तू जवळ ऱ्हातीस म्हनून तुज्या एकटीला भेट देऊ? बाकीच्यांनी काय करायचं?"

"मग न्हाई म्हना की सरळ!"

"न्हाई," म्हणाले, आणि वळून गेले. आत्याबाईंनी वाटेनं त्यांना काय काय म्हणून घेतलं ते सांगण्यासारखं नाही. मीही मनातनं म्हणून घेतलं. 

दुसऱ्या दिवशी सुभेदार स्वतः आमच्या दारात. घोंगडीवर बसायला सांगितलं तर बसले नाहीत.

"जाणाऱ्या पलटनीला म्या पंगत देतो, ठावं हाय तुमास्नी. ह्या खेपंला वाढायला गावच्या बाया पायजेत. सायबाची परवानगी काढलीया. बोली एकच. बाया वाढतील, पन बोलायचं न्हाई. पोरांनी तोंड उगडायचं ते घासाला. कुनी नाव घेऊन हाक मारली, की तितल्या तितं पंगत बंद. आनि समद्यांस्नी सारकं." मग आत्याबाईंकडं बघून, आवाज जरा खाली आणून म्हणाले, "तुमी दोगी याच."

आत्याबाईंनी लेकासाठी तूप साठवलं होतं. म्हशीचं, एका तांब्यात. तो तांब्या काढून त्यांनी सुभेदारांपुढं धरला. सुभेदारांनी विचार केला. म्हणाले, "थेंब थेंब का हुईना, समद्यांच्या भाकरीवर पडला पायजे."

पंगत लिंबांच्या सावलीत. समोरासमोर रांगा, मधनं वाढायला वाट. पिठलं, भाकरी, कांदा, गूळ. शंभरावर गडी, आणि आवाज म्हणून नाही. कावळ्यांचा तेवढा. लांब खुर्चीवर गोरा साहेब बसलेला. आत्याबाईंना एका झाडाखाली बसवलं आणि त्यांचा तांब्या नि पळी माझ्या हातात दिली. ह्यांतला एक माझा, आणि मी त्याचं नाव घेऊ शकत नाही, सुभेदारांची बंदी नसती तरी घेतलं नसतं, आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव कुठं घेते? विचारायचं कुणाला आणि कसं?

थेंब थेंब वाढत चालले. प्रत्येकाच्या नाकाकडं बघत चालले. आणि रांगेच्या मधोमध एक दिसला. बसलेला असूनही सगळ्यांपेक्षा उंच. कोवळ्या मिशा. आणि नाक! आत्याबाईंचं नाक जसं काढून लावलेलं. मी पळी बुडवली आणि भरून त्याच्या भाकरीवर ओतली.

त्यानं दचकून दोन्ही हात ताटावर धरले. नको, नको.

आता तुम्हीच सांगा, पंगतीत ताटावर हात आडवा धरला म्हणजे नको असतं का कधी? तो मान झाला. त्यावर आग्रह करायचा असतो, लहानपणापासून हेच शिकलो आम्ही. त्यात लाजलाय म्हणजे हाच, अशी माझी खात्रीच पटली. दुसरी पळी भरली आणि त्याच्या बोटांवरच ओतली. तूप बोटांतनं खाली ओघळलं. तो बिचारा मान जोरजोरानं हलवतोय, डोळ्यांनी काहीतरी सांगतोय, तोंड उघडायची बंदी. शेजारच्यांचे खांदे हलायला लागले. समोरच्या रांगेत एकाला ठसका लागला. आणि मला एकदम कळलं, की हा नव्हे. तांब्यात वाकून बघितलं तर तळ दिसत होता. निम्मी पंगत अजून कोरडी.

सुभेदार येऊन उभे राहिले. त्यांनी तांब्यात बघितलं, त्या पोराच्या बोटांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्यांच्या पंगतीत दोन वाढणं झालं होतं, तेही साहेबासमोर. मला वाटलं, संपलं. आता मला बाहेर काढणार, आणि आत्याबाई तिथं झाडाखाली हात मांडीवर ठेवून बसलेल्या, त्यांना काय सांगू?

सुभेदारांनी माझ्या हातातनं तांब्या काढून घेतला. झाडापाशी गेले, आत्याबाईंना हाताला धरून उठवलं, रांगेच्या तोंडाशी आणून उभं केलं आणि त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. मग माळभर ऐकू जाईल असं ओरडले, "तूप संपलं! आता म्हातारी आशीर्वाद वाढनार! टोप्या उतरा!"

सगळ्या टोप्या उतरल्या. माना खाली गेल्या. आणि आत्याबाईंच्या कानाशी ते हळू म्हणाले, मी तिथंच होते म्हणून ऐकलं, "समद्यांस्नी सारकं हं, म्हातारे."

आत्याबाई निघाल्या. उजवा हात एका डोक्यावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. केस बारीक कापलेली, घामानं ओली डोकी. हात ठेवायच्या, कानापर्यंत फिरवायच्या, पुढं. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. रांगेतला एकजण रडायला लागला, तो आमचा नव्हता. ते उंच पोरगंही आलं, त्याच्याही डोक्यावरनं हात फिरला. मी फक्त त्यांच्या हाताकडं बघत होते, कुठं अडखळतो म्हणून. तो कुठंच अडखळला नाही. एक रांग संपली, आम्ही वळलो, दुसरी सुरू झाली.

आणि माझ्या मनगटावरची त्यांची पकड एकदम घट्ट झाली. बांगडी रुतली मला. वरचा हात मात्र तसाच, बाकीच्यांवरनं फिरला तेवढाच त्या डोक्यावरनं फिरला, आणि म्हातारी पुढच्या डोक्याकडं वळली. मी असं बळ माणसात बघितलं नव्हतं.

मी खाली बघितलं. एक डोकं, खाली घातलेलं. भाकरी तशीच हातात. तोंड दिसेना. पुढं सरकायला हवं होतं, आत्याबाई ओढत होत्या, आणि माझा पाय उचलेना. एवढं कळून सगळं व्यर्थ जाणार होतं.

तेवढ्यात पलीकडनं सुभेदारांचा आवाज कडाडला.

"पंगऽऽत! उप्पर देख!"

शंभरावर तोंडं एकदम वर झाली. हुकूम होता ना! मद्रासला, पंजाबात, जगात कुठंही असा हुकूम नसेल, पण पोरांना काय, हुकूम म्हणजे हुकूम. आणि माझ्यासमोरचं तोंडही वर झालं. नाक आत्याबाईंचं नव्हतंच, चांगलं बसकं होतं. मिशा नावाला. ओठाच्या कडेला पिठल्याचा पिवळा डाग. डोळे भरलेले, आणि तसल्यातही माझ्याकडं बघून ते डोळे हसत होते. मी पदर सावरायचं विसरले. सुभेदार आमच्याकडं पाठ करून, साहेबाकडं तोंड करून ताठ उभे होते. सगळ्यांना सारखं. कुणाला जास्त नाही. सावकाश एक श्वास घ्यावा एवढा वेळ त्यांनी तो हुकूम तसा धरला आणि मग म्हणाले, "जेवा."

साहेबानं मागनं त्यांना विचारलं म्हणे, "सुभेदार, डावीकडं बघ, उजवीकडं बघ, असे हुकूम आहेत. वर बघ हा कुठला?" तर सुभेदार म्हणाले, "वाढपी पुढं हुबी ऱ्हायली की हाय, सायेब."

त्यानंतरच्या प्रत्येक पलटणीच्या शेवटच्या पंगतीला आम्ही बाया जात राहिलो, आणि प्रत्येक पंगतीत तो हुकूम झाला. गुरखे असोत, कुणीही असो. आम्ही वाढता वाढता थांबायचो आणि एकेक तोंड नीट बघून घ्यायचो. त्या पोरांचं आपलं माणूस तिथं कुणी नसायचं. सुभेदारांनी आम्हाला कधी सांगितलं नाही का बघायचं ते, आणि आम्ही कधी विचारलं नाही. एवढासा तो माणूस, पण तो उभा असला की आम्हाला उगाच आपण काहीतरी मोठ्या कामावर आहोत असं वाटायचं.

आत्याबाई पुढच्या थंडीत गेल्या. हे लढाई संपल्यावर परत आले, वाळून, काळे होऊन. कोरेगावच्या स्टेशनावर पुष्कळ खाकी कपडे उतरले, मी लांबनं ओळखलं.

त्या दिवसाचं बोलताना हे म्हणाले, "माजं तूप दुसऱ्याच्या ताटात पडताना बगत बसलो, तोंड उगडता येईना." आणि मग त्या उंच पोराचं सांगितलं. जतच्या बाजूचं, मेंढरं राखणाऱ्याचं पोरगं. आई लहानपणीच गेलेली. ब्रह्मदेशाच्या रानात जिथं बसतील तिथं ते पोरगं सगळ्यांना सांगायचं, "मला अक्कानं दोन पळ्या तूप वाडलं. न्हाई न्हाई म्हनत हुतो तरी वाडलं. तुमास्नी कुनी वाडलं काय?" हे त्याच्या शेजारी असायचे. "म्या त्येला कवाच सांगितलं न्हाई, का ते तूप माजं हुतं," म्हणाले. ते पोरगं तिकडंच राहिलं.

छावणी तेव्हा उठत होती. तंबू उतरले होते, माळ उघडा पडलेला. आम्ही दोघं सुभेदारांच्या पाया पडायला गेलो. ह्यांनी त्यांना त्या पोराचं सगळं सांगितलं. सुभेदार ऐकत होते, तंबूच्या एका खुंटीवर पाय ठेवून. मग माझ्याकडं बघून विचारलं,

"किती वाढलं व्हतंस त्येला?"

मला ती पंगत आठवली, साहेब आठवला, आता इतक्या दिवसांनी बोलणी बसतात की काय असं वाटलं. हळूच म्हटलं, "दोन पळ्या, सुभेदार."

त्यांनी पायाखालची खुंटी हलवून बघितली. सैल झाली होती.

"तीन वाढायच्या, पोरी," म्हणाले.